ईसीजीच्या कागदावरची चित्रं कशी टिकवायची? (आणि थोडं अप्पांबद्दल)

कडक भाकरी

नमस्कार मंडळी. प्रश्न आधी विचारून घेते, कारण एकदा पाल्हाळ लावलं की खालपर्यंत कुणी येत नाही.

माझ्याकडं ईसीजीच्या जुन्या रोलचे चाळीसेक तुकडे आहेत. पाच सेंटिमीटर रुंद, कुठला वीतभर, कुठला हातभर लांब. त्यांवर माझ्या वडिलांनी काढलेली चित्रं आहेत. ती जपायची कशी? नवी पेठेतला लॅमिनेशनवाला "आणा ताई, दहा मिनिटांत करून देतो" म्हणालाय, पण हात धजत नाही. दुसरा विचार असा की दोन काचांमध्ये फ्रेम करावीत. पण तुकड्यांच्या मागं पेन्सिलीनं बारीक आकडे लिहिलेत, बहुतेक चित्रांचे नंबर असावेत. दोन्हीकडून काच असली तर ते दिसत राहतील. खोडून टाकू का?

जोडप्रश्न: जानेवारीत, ऐन गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या जत्रेच्या) दिवसांत, अप्पांचं वर्षश्राद्ध येतंय. घरातलीच तीसेक माणसं. आई म्हणते, दहा मिनिटं तू बोल. मला "रुग्णसेवेचं व्रत" वगैरे बोलायचं नाहीये. मग काय बोलू?

आता पाल्हाळ.

अप्पा कॅज्युअल्टीचे डॉक्टर. एमबीबीएस, वर भूल देण्याचा डिप्लोमा. सगळी नोकरी सोलापुरातल्या एका धर्मादाय रुग्णालयाच्या तळमजल्यावर. आपल्याकडं इमर्जन्सी मेडिसिन ही वेगळी शाखा म्हणून मेडिकल कौन्सिलनं मानली तीच २००९ साली. तोवर अप्पांची निम्म्याहून जास्त नोकरी झालेली, त्यामुळं पाटीवर लिहायला त्यांच्याकडं काही नव्हतंच. प्रत्येक लग्नात कुणी ना कुणी विचारायचं, "डॉक्टर, स्वतःचा दवाखाना कधी टाकणार?" अप्पांचं उत्तर ठरलेलं. "टाकतो की, आधी टाके तरी टाकू द्या."

वर्षश्राद्धाला त्यांचा एकही पेशंट येणार नाही, हे मला आत्ताच माहीत आहे. माझ्या काकांचा दमाणी नगरात साधा दवाखाना होता. ते गेले तेव्हा चार चार पिढ्या रांगेत उभ्या होत्या. अप्पांकडं माणूस यायचा तो बेशुद्ध, नाहीतर ओरडत. तासाभरात वर वॉर्डात जायचा, आणि घरी जाताना डिस्चार्ज कार्डावर नाव वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांचं. त्या तासाचं कुणाला काय आठवणार? अप्पांनाही पुढचं कळायचं नाही, असंच आम्ही धरून चाललो होतो.

चित्रांचं असं. तेव्हाचं यंत्र एका पट्टीचं. तापलेली सुई कागदावर फिरायची, वरचा मेणाचा थर वितळायचा आणि खालचा काळा दिसायचा. म्हणजे नखानं ओरखडलं तरी काळी रेघ उमटते. रोलच्या शेवटाला जो कोरा तुकडा उरायचा तो अप्पा खिशात घालून आणायचे आणि शाई संपलेल्या रिफिलीनं त्यावर गोष्ट काढायचे. पाच-सहा चौकटींची. नायिका एक घोणस. चष्मा लावलेली. घोणस कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते म्हणून तिच्या शेजारी कायम कुकर. ती सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबईला निघालेली, ती मंगळवारच्या बाजारात वांग्याचा भाव करणारी, ती हुतात्मा स्मृती मंदिरात नाटकाला बसलेली आणि मागचा माणूस "अहो बाई, फणा खाली घ्या" म्हणणारा. (घोणशीला फणा नसतो, हे माझ्या भावानं सातवीत त्यांना सुनावलं. अप्पा म्हणाले, ते त्या मागच्या माणसाला कुठं ठाऊक?) शेवटची चौकट नेहमी रिकामी आणि खाली लिहिलेलं: पुढं? ते जेवताना आम्ही दोघांनी सांगायचं.

त्यांची पेटी होती. बरी वाजवायचे, फार नाही. मला तीनताल शिकवला तो ईसीजीच्या कागदावर. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो, म्हणजे पाच मोठी घरं झाली की एक सेकंद. पाच घरांवर एक मात्रा धरायची, अंगठा सरकवत जायचा, सोळा मात्रांना सम. मला तबला आला नाही तो नाहीच. पण दोन ठोक्यांमधली मोठी घरं मोजून ३०० ला भागायचं आणि नाडी सांगायची, हे मला चौथीत येत होतं. शाळेत याचा उपयोग शून्य.

आणि तक्रारही लिहिते, नाहीतर हे नुसतं गोड होईल. रात्रपाळी सकाळी आठला सुटायची. रुग्णालयातून घर स्कूटरवर दहा मिनिटं. अप्पा घरी यायचे पावणेनऊ, नऊला. माझी रिक्षा आठ चाळीसला. म्हणजे आठवड्यातले तीन-चार दिवस आमची भेट झालीच तर फाटकाशी, तेही मी रिक्षात आणि ते हेल्मेटमध्ये. आई म्हणायची, "कँटीनचा चहा घरच्यापेक्षा गोड असतो." ते काही बोलायचे नाहीत. यावरून घरात खरंच भांडणं झालीत, आणि मी आईच्या बाजूनं होते. अजूनही आहे थोडी.

एक दिवस मात्र लख्ख आठवतो. १९९३, अनंत चतुर्दशी. मिरवणुकीत लेझीम बघायला अप्पांनी मला खांद्यावर घेतलं होतं. मध्यरात्री घरी आलो, अप्पा तसेच आडवे झाले, अंघोळ सकाळी म्हणून. पहाटे चारला चार-पाच मिनिटं असताना मांडणीवरची भांडी वाजायला लागली. आईला वाटलं मांजर. भूकंप किल्लारीला झालाय, हे दुपारनंतर कळलं. अप्पा त्याच्या आधीच गेले होते, गुलालाच्या केसांनी, चप्पल एक त्यांची आणि एक काकांची. तिसऱ्या दिवशी आले. अंगणातल्या नळाखाली बराच वेळ बसले होते. त्या आठवड्याचा एकही तुकडा नाही.

तर, लॅमिनेशन करू का?

जुना कागद

नका करू! आधी एवढंच वाचा, बाकीचं सावकाश.

लॅमिनेशनचे रोलर शंभर अंशांच्या पुढं तापतात. तुमचा कागद उष्णतेनंच काळा होतो, हे तुम्हीच लिहिलंय. आत घोणस जाईल आणि बाहेर काळी पट्टी येईल. एका गृहस्थांनी वडिलांचा शेवटचा ईसीजी असा "जपला" होता. माझ्या टेबलावर आणून ठेवला तेव्हा मला काय बोलावं कळेना.

मी जुनी कागदपत्रं दुरुस्त करतो. आता क्रमानं नाही, जसं आठवेल तसं सांगतो. आधी फोटो काढा किंवा स्कॅन करा, काचेवर पालथं ठेवायचं स्कॅनर, ६०० डीपीआय. कागद आत ओढून घेणारं यंत्र वापरू नका, रोलर मेणावर ओरखडे पाडतात आणि इथं ओरखडा म्हणजे रेघ. गुंडाळी सरळ करायला इस्त्री अजिबात नाही (विचारतात लोक). दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवून वर पुस्तकं, आठ-दहा दिवस. तेही घासत ओढायचं नाही, उचलून ठेवायचं. सेलोटेप लावू नका, त्याचा डिंक काही वर्षांत पिवळा होतो आणि निघत नाही. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटातही नको. आम्लविरहित कागदाचे लिफाफे मिळतात, त्यांत एकेक तुकडा, मग पुठ्ठ्याचा खोका, आणि खोका घरातल्या सगळ्यात थंड कपाटात. पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलात तर आपला मे महिना लॅमिनेशनवाल्याचं काम फुकट करून देईल.

फ्रेममध्ये मूळ कागद लावू नका. प्रत काढून लावा. काचेतून ऊन येतंच.

आणि पेन्सिलीचे आकडे खोडू नका. ते कशाचे आहेत हे आज माहीत नाही, एवढंच खोडायचं कारण असेल तर तेच न खोडायचंही कारण आहे. खोडरबरानं मागून दाब पडला तरी पुढच्या बाजूला वळ उठेल.

विंगेतला

काय ताई, डॉक्टरांची मुलगी तुम्ही! नाव लिहिलं नाही तरी कळलं बघा. पहिल्या अंकात मरणारा डॉक्टर सोलापुरात एकच होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. आमचा हौशी ग्रुप. राज्य नाट्य स्पर्धेला दरवर्षी उतरायचो, नंबर कधीतरीच. डॉक्टरांची अट एकच: मला रोल द्या, पण पहिल्या अंकातच मारा. कारण दहाला ड्युटी. लेखकानं मारलं नसलं तर आम्ही मारायचो. एका नाटकात त्यांना परगावी पाठवलं तर रुसले होते, म्हणाले, मरणात जी मजा आहे ती बदलीत नाही बे. मेले की विंगेत यायचे, खोबरेल तेलानं मेकअप पुसायचे, पाच मिनिटांत स्कूटर चालू. दुसऱ्या अंकात त्यांच्या फोटोला हार असायचा आणि फोटोतला माणूस तिकडं कुणाला तरी सलाईन लावत असायचा.

त्यामुळं एक सांगून ठेवतो, आमच्याकडं नाटकानंतरचे ग्रुप फोटो आहेत, तुम्ही मागाल म्हणून. एकातही डॉक्टर नाहीत. तालमीचे दोन-तीन आहेत, ते पाठवतो.

एका तालमीला आमच्या प्रकाशयोजनेच्या पोराला शॉक बसला. फार नाही, हात भाजला. पण डॉक्टर त्या दिवशी तालीम करू देईनात. सगळ्यांना रंगमंचावर आडवं पाडलं आणि छाती दाबायला शिकवलं. उशीवर हां, माणसावर नाही. पाच सेंटिमीटर खाली, मिनिटाला १०० ते १२०. आमचा ढोलकीवाला म्हणाला, म्हणजे किती ते वाजवून दाखवा. डॉक्टरांनी घड्याळ लावून त्याच्याकडून लय बांधून घेतली आणि सगळा ग्रुप त्या ढोलकीवर तासभर उशा बडवत होता. चौकीदार बघायला आला. पुढं आमच्यातल्या एकानं होटगी रोडला एका माणसाला ते केलंय, ती लय तोंडानं म्हणत. तो माणूस वाचला का, तर नाही. पण अॅम्ब्युलन्स येईस्तोवर यानं हात थांबवले नाहीत. डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी त्याला घरी नेऊन जेवू घातलं. तुमच्या आईंना आठवत असेल, शेंगाची चटणी डबाभर संपवली होती त्यानं.

भाषण दहा मिनिटं नको. पाच करा आणि हुरडा ठेवा, दिवसच आहेत. हुरड्याचं मी बघतो.

रात्रपाळी

मी फारसं लिहीत नाही इथं, नात लिहून देतेय. मी तिथं कॅज्युअल्टीला सिस्टर होते, तुझ्या अप्पांबरोबर बरीच वर्षं. तू धाकटी ना? तुझी आणि दादाची शाळेच्या कपड्यातली चित्रं औषधांच्या कपाटाला आतून चिकटवलेली असायची.

किल्लारीचं तू लिहिलंस म्हणून. त्यांच्या केसांत गुलाल होता हे मलाही आठवतं. येणारा प्रत्येक माणूस मातीनं पांढरा झालेला, नाकातोंडात माती, आणि मध्ये हा एक लाल माणूस. तिकडची घरं दगडामातीची, वर मातीचं जड माळवद, ते अंगावर आलेलं. एक मुलगा चांगला बोलत होता, पाणी मागत होता, पाय बारा-तेरा तास दगडाखाली होता म्हणाले. डॉक्टरांनी आधी लघवी बघितली. काळ्या चहासारखी. दबलेल्या मांसाचं विष किडनीत जातं, वरून माणूस धड दिसतो. त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदा हे सांगितलं, सलाईन लावता लावता, ओरडून नाही. कधीच ओरडले नाहीत ते. फक्त घाई असली की कन्नड बोलायला लागायचे.

भाषांचं तर विचारूच नको. पूर्व भागातले विणकर आले की तेलुगूत "नोप्पी एक्कड?", अक्कलकोटकडचे आले की कन्नडमध्ये "एल्लि नोवु?", दोन्हीचा अर्थ कुठं दुखतंय. पावसाळ्यात मण्यार चावलेले यायचे. खाली झोपलेली माणसं, दात उमटलेले दिसत नाहीत, पोटात दुखतं म्हणून येतात आणि पापण्या जड. डॉक्टर त्यांना एका दमात आकडे मोजायला लावायचे. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु... आधी वीसपर्यंत जायचा माणूस, मग पंधरा, मग नऊ. श्वासाचे स्नायू थकत चालले हे त्यावरून कळतं. नऊच्या आसपास आला की श्वासाची नळी तयार ठेवायला सांगायचे. गाणाऱ्या माणसाला दुसऱ्याचा दम कळतो, असं मला वाटायचं. खरंखोटं देव जाणे.

आणि घोणस असेल तर काचेच्या कोरड्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं नुसतं ठेवायचं, हलवायचं नाही. नंतर तिरकी केली आणि रक्त वाहिलं, गोठलेलं नसलं, तर विष भिनलंय. ती वीस मिनिटं नातेवाईक आपल्या तोंडाकडं बघत बसतात. डॉक्टर तेव्हा शेजारी बसून काहीतरी काढत असायचे कागदावर. तुझी ती घोणस बहुतेक तिथंच जन्मली.

आता मुख्य सांगते, कारण तू चुकीचं धरून बसली आहेस. कँटीनला ते जात नव्हते. आठला चार्ज दिला की ते वर जायचे. रात्री पाठवलेल्या प्रत्येक पेशंटच्या खाटेपाशी. बोलायचे नाहीत, पायथ्याशी उभं राहून चार्ट वाचायचे आणि पुढची खाट. खाट रिकामी दिसली की वॉर्डच्या सिस्टरकडं बघायचे. तिनं मान हलवली की मागच्या जिन्यानं खाली. त्या दिवशी कुणी "चहा घ्या डॉक्टर" म्हटलं तरी थांबत नसत. खाटांचे नंबर लक्षात राहत नाहीत म्हणून खिशातल्या ईसीजीच्या तुकड्यावर लिहून न्यायचे. पेन्सिलीनं.

नान्नज रोड

माझ्या चुलत्यांना १९९६ का ९७ ला घोणस चावली होती, सोलापुरात आणलं होतं, डॉक्टर गाणं गुणगुणत होते असं ते अजून सांगतात. वाचले. पण ते दुसऱ्या रुग्णालयात होते असं घरात काहीजण म्हणतात. म्हणजे तुमचे अप्पा असतील, नसतीलही. सांगावंसं वाटलं.

कडक भाकरी

सगळ्यांचे आभार. लॅमिनेशनवाल्याला नाही सांगून आले, तो नाराज झाला. आम्लविरहित लिफाफे पुण्याहून मागवलेत. तोवर तुकडे आईच्या पैठणीच्या कपाटात, तीच सगळ्यात थंड जागा निघाली. पेटीचा भाता फाटलाय, दुरुस्तीवाले शनिवारी येणार आहेत. विंगेतले दादा, हुरडा ठरला. ढोलकीवाले असतील तर त्यांनाही आणा, आणि उशा आमच्याकडं आहेत.

नान्नज रोड, काकांना या म्हणावं. असले काय, नसले काय.

सिस्टर, तुमचं वाचून मी तुकडे पालथे घातले. ७, १२, १२, ३, २१. चित्रांचे नंबर म्हणून एकदाही क्रम का लागत नव्हता ते कळलं. काही आकड्यांपुढं बरोबरची खूण आहे. सगळ्यांपुढं नाही. मोजायला नाही बसले. सिद्धेश्वर एक्स्प्रेसचा तुकडा मला पाठ आहे, त्या दिवशी मी शेवट काय सांगितला तोही: घोणस दादरला उतरली, कुकर गाडीतच राहिला. अप्पा इतके हसले होते की ठसका लागला. त्या तुकड्यामागं ९ आहे. खूण नाही.

आईला वाचून दाखवलं. कँटीनच्या भागाशी आले तेव्हा ती भाजी निवडत होती, निवडतच राहिली. मग बऱ्याच वेळानं विचारलं, वॉर्ड कितव्या मजल्यावर होते गं? मी म्हटलं, दुसऱ्या आणि तिसऱ्या. म्हणाली, सिस्टरना विचार, तिथं लिफ्ट होती का. त्यांचा गुडघा तेव्हाच धरायला लागला होता.

रात्रपाळी

होती. पण एकच, ती स्ट्रेचरला लागायची. ते जिन्यानंच जायचे.